खारे मोती आणि गोडे मोती : मराठवाड्यातील मोत्यांच्या दागिन्यांच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रीय स्त्रीच्या अलंकारांत सोन्याच्या खालोखाल मान मोत्यांचा आहे. नथ, कुडी, तन्मणी, चिंचपेटी, बुगडी हे दागिने मोत्यांवाचून पूर्ण होत नाहीत. पुरुषांच्या कानातील भिकबाळीही मोत्यांचीच असे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि हैदराबाद ही भारतातील मोत्यांच्या व्यापाराची मोठी पेठ होती. त्यामुळे या भागात मोत्याचे नाव 'बसरा' या शब्दाशी जोडले गेले. आज सराफाच्या पेढीवर ग्राहकासमोर निराळा प्रश्न उभा राहतो. मोती खाऱ्या पाण्यातील घ्यावा की गोड्या पाण्यातील? हा प्रश्न वरवर पाहता आवडीचा व किमतीचा वाटतो. तथापि त्यामागे सुमारे दोन हजार वर्षांच्या व्यापाराचा इतिहास आहे. स्त्रीधनाच्या मूल्याचा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

उद्दिष्टे :

१) मराठवाड्यात मोती कोणत्या मार्गांनी आले, याचा आढावा घेणे.
२) 'बसरा' या नावाचा अर्थ व त्यात झालेला बदल स्पष्ट करणे.
३) खाऱ्या व गोड्या मोत्यांतील निवडीचे निकष इतिहासाच्या आधारे तपासणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

प्राचीन काळातील मोत्यांचे वर्गीकरण :

मोत्याची ओळख त्याच्या उगमस्थानावरून करण्याची पद्धत भारतात प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांचे दहा प्रकार सांगितले असून ताम्रपर्णी नदीच्या मुखाजवळील तसेच पांड्य देशातील मोत्यांचा त्यांत समावेश आहे. याच यादीत 'स्रौतसीय' व 'ह्रादीय' अशीही नावे येतात. स्रोतस् म्हणजे प्रवाह आणि ह्रद म्हणजे डोह. या नावांचा निश्चित भौगोलिक अर्थ लावणे अवघड असले, तरी मोती केवळ समुद्रातच सापडतो असे त्या काळी मानले जात नव्हते, एवढे त्यावरून सूचित होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही मोत्यांवर स्वतंत्र अध्याय असून शिंपल्यातील मोत्यांची आठ उगमस्थाने दिली आहेत.

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रंथ मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. पैठण व तगर, म्हणजेच आजचे तेर, या अंतर्भागातील बाजारपेठांचा माल भडोच बंदरात जात असल्याचे त्यात नमूद आहे. इराणी आखातातील मोती याच भडोच बंदरात येत. परंतु ते भारतीय मोत्यांपेक्षा हलक्या प्रतीचे असत, असेही हा ग्रंथ सांगतो. पुढील काळात ज्या आखाती मोत्यास सर्वश्रेष्ठ मानले गेले, तो त्या काळी दुय्यम गणला जात होता. यावरून मोत्याची प्रतिष्ठा कायम नसते. ती पेठ व काळ यांनुसार बदलते, हे स्पष्ट होते.

मध्ययुगीन व्यापार आणि मराठी समाज :

सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने बहारीन व मन्नार येथील मोत्यांविषयी सविस्तर लिहिले आहे. त्याचा प्रवासवृत्तांत १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या मार्गाच्या वर्णनात त्याने औरंगाबादनंतरच्या एका मुक्कामाचे नाव 'नदूर' असे दिले आहे. तेथे नदी ओलांडावी लागे आणि गाड्यांवर कर द्यावा लागे. हे ठिकाण नांदेड असावे, असे मानले जाते. पश्चिम किनाऱ्यावरील बंदर आणि गोवळकोंड्याची रत्नपेठ यांना जोडणारा मार्ग अशा रीतीने गोदावरीच्या खोऱ्यातून जात होता.

अठराव्या शतकात मराठी समाजात मोत्यास जे स्थान होते, त्याची साक्ष भाषाच देते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे निजामाचा पराभव केला. पुढच्याच वर्षी पानिपतावर भाऊ व विश्वासराव धारातीर्थी पडले. ती वार्ता देणाऱ्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात या दोघांचा निर्देश मोत्यांच्या रूपकाने केला होता. मोती ही अमूल्य आणि गमावल्यास पुन्हा न मिळणारी वस्तू आहे, ही जाण त्या रूपकाच्या मुळाशी आहे.

मोत्याच्या तेजास मराठीत 'पाणी' म्हणतात. फारसीतील 'आब' या शब्दाचा मूळ अर्थही पाणी असाच आहे. त्यावरूनच रत्नाचे तेज आणि माणसाची प्रतिष्ठा असे दोन्ही अर्थ रूढ झाले. 'आब राखणे' हा मराठी वाक्प्रचार याच अर्थाचा आहे. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, अशी लोकसमजूत आहे. बहारीनमध्येही समुद्रतळाशी असलेल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांमुळे तेथील मोत्यांना विशेष तेज येते, अशी पारंपरिक धारणा आहे. खाऱ्या मोत्याचे तेज गोड्या पाण्यातून येते, असे दोन्ही प्रदेशांतील लोकमानसाने मानले, ही बाब लक्षणीय आहे.

हैदराबाद संस्थान आणि 'बसरा' मोती :

बसरा हे आजच्या इराकमधील शत-अल-अरब नदीवरील बंदर आहे. मोती तेथे काढले जात नसत. ते बहारीन, कुवेत आणि आखाताच्या इतर किनाऱ्यांवरील पाणबुडे उन्हाळ्याच्या हंगामात समुद्रातून काढीत. दीर्घ श्वास घेऊन तळाशी जाणे आणि शिंपले गोळा करून वर येणे, हे काम दिवसातून अनेक वेळा करावे लागे. यांतील बहुसंख्य पाणबुडे नाखवा व व्यापारी यांच्या कर्जात बांधलेले असत. म्हणजे 'बसरा' हे उगमाचे नाव नसून पेठेचे नाव होते. आखातातील नैसर्गिक मोती भारतात ज्या नावाने ओळखला गेला, ते हे व्यापारी नाव होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी आखाती मोत्यांची प्रमुख पेठ मुंबई होती. तेथे मोती चाळून, प्रतवारी लावून, वेज पाडून आणि रेशमी दोऱ्यात ओवून देशोदेशी पाठविले जात. मोत्याची किंमत ठरविण्यासाठी 'चव' हे हिशेबी परिमाण वापरले जाई. त्यात वजनाचा वर्ग धरला जातो. एक रतीच्या मोत्यापेक्षा दोन रतीच्या मोत्याचे मूल्य दुप्पट नव्हे, तर चौपट होते. सोने तोळ्यावर विकले जाते, तसे मोत्याचे नाही. प्रत्येक दाण्याचा हिशेब वेगळा असतो.

हैदराबादेत चारमिनार व पथ्थरगट्टी या भागांत मोत्यांचा व्यापार वाढला तो दरबार आणि अमीर-उमराव यांच्या आश्रयाने. शहराजवळील चंदनपेठ हे गाव मोत्यांना वेज पाडणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध झाले. निजामाच्या जवाहिराचा संग्रह भारत सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांस विकत घेतला. त्यातील बसरा मोत्यांचा सातपदरी 'सतलडा' या परंपरेची कल्पना देतो.

१९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नांदेड राजधानीशी थेट जोडले गेले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली व कुर्डुवाडीमार्गे सोलापूर, पुणे व मुंबई जवळ आली. त्यामुळे नांदेडचा ओढा हैदराबादेकडे आणि लातूरचा मुंबईच्या वाटेकडे असणे भूगोलास धरून होते. माल मात्र दोन्ही वाटांनी आखातातूनच येई. या काळात खारे की गोडे हा प्रश्न ग्राहकापुढे नव्हता. दाणा किती गोल, किती पाणीदार आणि सराफाचा शब्द किती भरवशाचा, एवढेच पाहिले जाई.

संवर्धित मोती आणि आखाती व्यापाराचा ऱ्हास :

जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये अर्धगोल संवर्धित मोती मिळविला. १९२० च्या दशकात गोल संवर्धित मोती जागतिक बाजारात आला. पाठोपाठ १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि नैसर्गिक मोत्यांचे भाव कोसळले. बहारीनमध्ये १९३२ व कुवेतमध्ये १९३८ मध्ये खनिज तेल सापडले. पाणबुड्यांना रोजगाराचा दुसरा मार्ग मिळाला आणि शतकानुशतकांचा मोत्यांचा व्यवसाय एका पिढीत संपुष्टात आला.

यानंतर बाजारात येणारा समुद्री मोती प्रामुख्याने संवर्धित होता. त्याच्या निर्मितीत शिंपल्यात एक गोल मणी रोवला जातो आणि त्यावर मौक्तिकद्रव्याचे थर चढतात. हा मणी परंपरेने अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील शिंपल्यांच्या कवचापासून घडविला जात असे. म्हणजे ज्यास 'खारा' मोती म्हटले जाते, त्याच्या पोटात बहुधा गोड्या पाण्यातील शिंपल्याचाच मणी असतो. भारतात तुतीकोरिन येथे डॉ. के. अलगरस्वामी यांनी १९७३ मध्ये समुद्री संवर्धित मोती मिळविण्यात यश मिळविले.

गोड्या पाण्यातील मोती :

जपानच्या बिवा सरोवरात गोड्या पाण्यातील मोत्यांचे संवर्धन झाले. परंतु प्रदूषणामुळे तो उद्योग ओसरला. त्याची जागा चीनने घेतली. १९७० च्या दशकापासून चिनी मोती मोठ्या प्रमाणात बाजारात येऊ लागले. आरंभी ते तांदळाच्या दाण्यासारखे लांबट व सुरकुतलेले असत. पुढे शिंपल्याची जात व तंत्र बदलल्यावर ते गोल व तुकतुकीत झाले. या पद्धतीत शिंपल्यात मण्याऐवजी दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणपेशींचे तुकडे रोवतात व एका शिंपल्यातून अनेक मोती मिळतात. म्हणून हे मोती स्वस्त असतात. त्यांतील बहुतेकांत मणी नसल्यामुळे ते आतपर्यंत मौक्तिकद्रव्याचेच असतात.

भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतीय नद्या-तळ्यांतील शिंपल्यांवर मोतीसंवर्धनाचे प्रयोग केले. त्यांसाठी निवडलेल्या लॅमेलिडेन्स वंशाचे शिंपले गोदावरी खोऱ्यातही आढळतात.

निवडीचे निकष :

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. खारा-गोडा आणि नैसर्गिक-संवर्धित हे दोन स्वतंत्र भेद आहेत. व्यवहारात मात्र 'खारा म्हणजे अस्सल आणि गोडा म्हणजे नकली' असे समीकरण केले जाते. ते वस्तुस्थितीस धरून नाही. संवर्धित मोती, मग तो खारा असो वा गोडा, खराच मोती असतो. नकली असतो तो काचेचा वा प्लॅस्टिकचा. दातावर घासून पाहण्याची घरगुती पद्धत काच व मोती यांतील फरक दाखवू शकते. खारा व गोडा यांतील नव्हे. गोड्या मोत्यात मँगेनीजचे प्रमाण अधिक असते व क्ष-किरणांखाली तो उजळतो. नैसर्गिक मोत्याची खात्रीही प्रयोगशाळेतील क्ष-किरण परीक्षेनेच होते.

दागिन्याचे स्वरूपही निवडीस दिशा देते. कुडीत सात दाणे फुलासारखे बसवावे लागतात. ते आकाराने एकसारखे व गोल नसतील तर कुडी बिघडते. नथीतही असेच आहे. आखातातून येणारा बारीक, गोल दाणा या कामास योग्य होता. त्याची जागा नंतर बारीक समुद्री संवर्धित मोत्याने व आता निवडक गोड्या मोत्याने घेतली. पदरांच्या माळेत किंवा तन्मणीत दाण्यांचा थोडा कमीअधिक आकार खपून जातो. नित्य वापराच्या दागिन्यात टिकाऊपणा महत्त्वाचा असतो. अशा वेळी आतपर्यंत मौक्तिकद्रव्य असलेला गोडा मोती पातळ थराच्या खाऱ्या मोत्यापेक्षा सरस ठरतो.

खरा प्रश्न जुन्या दागिन्यांचा आहे. आजीची नथ तुटल्यावर ती गाठवून घेताना जुने बसरा मोती काढून नवे बसविले गेले, तर दागिना पूर्वीसारखाच दिसतो. मूल्य मात्र पार बदलते. लग्नाच्या याद्यांत सोने तोळ्यांत लिहिले जाते, मोत्यांपुढे केवळ 'मोत्याची नथ' एवढीच नोंद असते. सोन्यावरील हॉलमार्क धातूच्या शुद्धतेची हमी देतो, मोत्याची नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीस तिच्या संपत्तीवर, स्त्रीधनासह, पूर्ण मालकी दिली. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. परंतु ज्या वस्तूचे वर्णनच नोंदलेले नाही, तिच्यावरील हक्क सिद्ध करणे कठीण जाते.

निष्कर्ष :

१) 'बसरा' हे मोत्याच्या उगमाचे नव्हे, तर व्यापारी पेठेचे नाव होते. १९३० च्या दशकात मूळ पुरवठा आटला, पण नाव टिकून राहिले.
२) मराठवाड्यात खारे की गोडे हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. तत्पूर्वीची निवड दाण्याचे पाणी व सराफाचा विश्वास यांवर आधारलेली होती.
३) खारेपणा हे अस्सलतेचे प्रमाण नाही. दागिन्याचा प्रकार, वापर आणि मौक्तिकद्रव्याचा थर पाहून निवड करणे योग्य ठरते.
४) जुन्या दागिन्यांतील मोती बदलण्यापूर्वी त्यांची प्रयोगशाळेत परीक्षा करणे आवश्यक आहे. मोत्यांची संख्या, आकार व प्रकार यांची नोंद पावतीत व लग्नाच्या यादीत होणे हे स्त्रीधनाच्या रक्षणाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

पूर्वीच्या ग्राहकाचा भरवसा सराफाच्या शब्दावर होता. तो शब्द आणि त्यामागची पेठ या दोहोंचे स्वरूप आता पालटले आहे. म्हणून मोत्याचा आब राखण्याचे काम यापुढे लेखी नोंदीलाच करावे लागेल.