करडू, जंत आणि अंदाजाचा डोस

आजची गोष्ट एका जंताची. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडचं तीन महिन्यांचं करडू जबड्याखाली सुजलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि गेलं. जंताचं औषध पाजलं होतं हो! पण अंदाजाने, बाटलीवरचा मेंढीचा डोस बघून. तेव्हापासून मी या औषधांचा इतिहास खणतोय.

जंताचं नाव हिमोंकस कंटॉर्टस. मुक्काम शेळी-मेंढीच्या चौथ्या पोटात, धंदा रक्त पिण्याचा. एकेक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. किरकोळ वाटतं ना? हजार जंत म्हणजे रोज ५० मिली. करडाच्या अंगात रक्त असतं तरी किती!

जुन्या काळी यावर मोरचुदाचं पाणी पाजायचे. डोस जरा चढला की जंताबरोबर जनावरही जायचं. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आलं, त्यामानाने खूपच निर्धोक. आणि १९६४ मध्ये अमेरिकेत त्याला न जुमानणारे जंत सापडलेसुद्धा. तीन वर्षांत! मग जपानच्या मातीत सातोशी ओमुरांना सापडलेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन निघालं, १९८१ मध्ये बाजारात आलं. २०१५ मध्ये ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं, तोवर कित्येक कळपांतल्या जंतांनी तेही पचवलं होतं.

असं का? औषध पाजलं की कच्चे जंत मरतात, चिवट उरतात आणि रानात त्यांचीच पिलावळ पसरते. अख्ख्या कळपाला सारखं पाजत राहिलं किंवा डोस कमी पडला, की हे आणखी लवकर होतं. शेळीची तर वेगळीच अडचण. बरीच औषधं मेंढीवर बेतलेली, आणि शेळीचं शरीर ती लवकर बाहेर टाकतं. म्हणजे मेंढीचा डोस तिला अपुरा. मग सरसकट दुप्पट द्यायचा? अजिबात नको! लेव्हामिसोलसारख्या औषधात योग्य डोस आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. शेळीचा डोस डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात औषधं हरायला लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी साधं काम केलं: डोळ्याची खालची पापणी उलटून बघायची. लाल ते पांढरा अशा पाच छटांचं कार्ड बनलं, फामाचा. म्हणजे फाफा मलान चार्ट, ज्यांची कल्पना त्यांचंच नाव. पापणी फिकी असेल त्यालाच औषध. करडांच्या बाबतीत मात्र मधल्या छटेलाही थांबायचं नाही, ती झपाट्याने खचतात.

आता आमच्याकडे आधी मी एकटा वजनकाट्यावर उभा राहतो, मग करडू उचलून. वजाबाकी केली की त्याचं वजन. औषध सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने, जिभेच्या मागच्या बाजूला, थोडं थोडं पाजतो. मान वर ताणत नाही, नाहीतर ठसका लागून औषध फुप्फुसात जातं. दहा-चौदा दिवसांनी लेंड्या तपासायला नेतो.