औषधासोबतचं बोलणं

अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या १९५२ सालच्या आचारसंहितेत एक कलम होतं. प्रिस्क्रिप्शनमध्ये काय आहे आणि त्याचा काय परिणाम होईल, याची चर्चा फार्मासिस्टने रुग्णाशी करू नये. रुग्णाने विचारलंच, तर डॉक्टरांना विचारा म्हणून सांगावं. ज्याला औषधाची सगळ्यांत जास्त माहिती, त्यानेच त्याबद्दल गप्प बसायचं. त्या काळी तिथल्या बहुतेक बाटल्यांवर औषधाचं नावही लिहीत नसत. आज त्याच देशातल्या फार्मसी कॉलेजात विद्यार्थी लॅपटॉपसमोर बसतो, पडद्यावर रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती येते, आणि तिच्याशी नीट बोलता आलं की नाही यावर त्याला गुण मिळतात. हे वळण औषधशास्त्रातल्या कुठल्याही शोधाइतकंच मोलाचं आहे, असं मला वाटतं. औषध कितीही चांगलं असलं तरी ते घ्यायचं कसं हे कळलं नाही, तर ते घरात नुसतं पडून राहतं किंवा अपाय करतं.

फार्मासिस्टला बोलतं करण्याची सुरुवात एका गावातल्या दुकानात झाली. व्हर्जिनियातल्या बेरीव्हिलमध्ये युजीन व्हाइट यांनी १९६० साली आपल्या दुकानातला औषधांखेरीजचा सगळा माल काढून टाकला. तिथे डॉक्टरांच्या खोलीसारखं ऑफिस थाटलं आणि प्रत्येक रुग्णाचं स्वतंत्र कार्ड ठेवायला सुरुवात केली. कोण कोणती औषधं घेतं, कशाची ॲलर्जी आहे, हे लिहून ठेवायचं आणि रुग्णाला समोर बसवून बोलायचं. आज संगणकात सहज दिसणाऱ्या नोंदींचं मूळ त्या कार्डांत आहे. १९६९च्या नव्या आचारसंहितेत गप्प बसण्याचं ते कलम उरलं नाही.

मग बोलायचं काय आणि कसं? याचं सर्वांत नेमकं उत्तर अमेरिकेतल्या मूळ आदिवासींसाठी चालणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेत, इंडियन हेल्थ सर्व्हिसमध्ये, तयार झालं. तिथल्या फार्मासिस्टांनी तीन प्रश्न ठरवले. हे औषध कशासाठी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? त्याने काय होईल असं सांगितलं? आधी रुग्णाला बोलू द्यायचं आणि जे राहिलं असेल तेवढंच आपण भरायचं. वाचायला हे अगदी साधं वाटतं. पण प्रत्यक्षात फार्मासिस्टला भाषण देण्याचा मोह आवरत नाही, आणि हे तीन प्रश्न तो मोह मोडतात.

१९९०च्या एका केंद्रीय कायद्याने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णांना समुपदेशन देऊ करणं बंधनकारक केलं. जानेवारी १९९३पासून तो अमलात आला. अनेक दुकानांत त्याचं रूपांतर लवकरच एका सहीत झालं : समुपदेशन नको म्हणून सही करा आणि औषध घेऊन जा. कायद्याने बोलण्याची सक्ती केली, पण बोलायला शिकवणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

शिकवण्याची युक्ती आली ती वैद्यकाकडून, आणि तिच्यामागचा किस्सा सांगण्याजोगा आहे. न्यूरॉलॉजीच्या परीक्षेसाठी खरे रुग्ण बसवत असत. एका परीक्षार्थी डॉक्टरने अशा एका रुग्णाला धसमुसळेपणाने तपासलं. त्या रुग्णाने नंतर न्यूरॉलॉजीचे डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांना सांगितलं, की त्याला धडा शिकवायला मी माझी लक्षणंच बदलली! रुग्ण इतक्या बेमालूमपणे लक्षणं वठवू शकतो हे बॅरोज यांच्या डोक्यात पक्कं बसलं. १९६३ साली, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत असताना, त्यांनी रोझ मॅकविल्यम्स या चित्रकारांच्या मॉडेलला मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णाची भूमिका शिकवली. पायांतली ताकद गेलेली, संवेदना हरवलेली ‘पॅटी डगर’ अशी उभी राहिली. विद्यार्थी तिला तपासायचा आणि तो गेल्यावर ती त्याच्या कामाची नोंद करायची. बॅरोज आणि स्टीफन अब्राहमसन यांनी १९६४ साली यावर लेख लिहिला. गंभीर विद्येत नाटकीपणा आणला म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

त्या टीकेला काळानेच उत्तर दिलं. सत्तरच्या दशकात पॉला स्टिलमन या बालरोगतज्ज्ञांनी आयांच्या भूमिका करणाऱ्या स्त्रिया तयार केल्या आणि मुलाखत कशी घेतली हे मोजायची मापपट्टी केली. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी टेबलांच्या फेरीची परीक्षा आणली : प्रत्येक टेबलावर वेगळं काम, ठरावीक वेळ, घंटा वाजली की पुढे. कॅनडाने ही पद्धत फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय परवाना परीक्षेत आणली, आणि अभिनय करणारा रुग्ण फार्मसीच्या विद्यार्थ्यासमोर येऊन बसला.

बोलणं आणि ते शिकवणं हे दोन धागे झाले. तिसरा धागा अंतराचा. १९२९ साली ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायडल मारून चालणारा रेडिओ बनवला आणि ओसाड माळरानातली कुटुंबं विमानाने येणाऱ्या ‘फ्लाइंग डॉक्टर’शी बोलू लागली. पुढे त्या घरांत औषधांच्या पेट्या आल्या आणि पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक दिला गेला. रेडिओवर डॉक्टर क्रमांक सांगत, इकडे ते औषध काढलं जाई. खरखरत्या आवाजात लांबलचक नाव चुकीचं ऐकू येण्यापेक्षा आकडा बरा. दूरवरून औषध सांगताना चूक कुठे होऊ शकते याचा विचार इतक्या आधी झाला होता. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यात खेड्यांतली औषधदुकानं बंद पडत चालली, तेव्हा तिथल्या विद्यापीठाच्या फार्मसी कॉलेजाने २००२ साली टेलिफार्मसीचा प्रकल्प सुरू केला. गावात टेक्निशियन, दूरच्या शहरात फार्मासिस्ट, आणि मध्ये व्हिडिओवरून बोलणं.

२०२०च्या मार्चमध्ये कोविडमुळे कॉलेजं बंद झाली. नकली रुग्णही घरी आणि विद्यार्थीही घरी. व्हिडिओवरचा सराव काही ठिकाणी आधीपासून होता. आता तो सगळीकडे नाइलाजाने आला आणि उपयोग दिसला तसा टिकला.

असा एखादा प्रसंग कसा बांधतात, ते नमुन्यादाखल सांगतो. रुग्ण बासष्ट वर्षांची बाई, रक्त पातळ ठेवायला वॉरफॅरिन घेणारी. गुडघा दुखतो म्हणून ती दुकानातून आयबुप्रोफेन आणून खाते. या दोन औषधांनी मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. भूमिका करणारीला सूचना असते : ‘आणखी कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, कारण दुखण्याची गोळी हे तिच्या लेखी औषधच नाही. ‘अंग दुखलं, गुडघा दुखला तर काय घेता?’ असं विचारलं तरच सांगायचं. शेजारी सून बसलेली असते आणि सासूच्या आधी तीच उत्तर देते. विद्यार्थ्याने आधी नाव आणि जन्मतारीख विचारून ओळख पटवायची, खोलीत आणखी कोण आहे हे विचारायचं, मोकळेपणाने बोलता येईल का याची खात्री करायची. कॅमेऱ्याकडे पाहिलं तर समोरचीला तो आपल्याकडे पाहतोय असं वाटतं. पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर नाही. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, म्हणून प्रश्न विचारून थांबावं लागतं. न थांबलं तर दोघं एकदम बोलतात आणि नेमकी कामाची गोष्ट राहून जाते.

काउंटरवर न मिळणारी एक सोय मात्र इथे मिळते. ‘घरातल्या सगळ्या गोळ्या आणून कॅमेऱ्यासमोर धरा’ असं म्हटलं, की डबा उघडतो. मुदत संपलेली पाकिटं निघतात, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या निघतात, शेजारणीने दिलेली पुडी निघते. इन्हेलर कसा ओढता ते दाखवा म्हटलं, की दाबणं आणि श्वास घेणं यांची वेळ चुकते आहे हे डोळ्यांनी दिसतं. शेवटी विद्यार्थी ‘समजलं का?’ असं विचारत नाही, कारण त्यावर ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘मी नीट सांगितलं का ते बघायचंय, उद्या सकाळी तुम्ही काय कराल ते मला सांगा’, असं तो म्हणतो. भेट संपल्यावर भूमिकेतून बाहेर आलेली बाई त्याला सांगते, की सून मध्ये बोलली तेव्हा तू तिच्याशीच बोलत राहिलास, मला वगळल्यासारखं वाटलं. हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

आपल्याकडे फार्मसी कायदा १९४८चा. रुग्णसेवेवर भर देणारा फार्म. डी. हा अभ्यासक्रम २००८ साली सुरू झाला. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचं समुपदेशन फार्मासिस्टचं कर्तव्य ठरवलं. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि मोबाइलवरच्या प्रिस्क्रिप्शनला रीतसर आधार मिळाला. तरी मेडिकलच्या काउंटरवर आजही बहुधा पाकिटावर पेनाने ओढलेल्या रेघा आणि ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ एवढ्यावर काम भागतं. आता तर चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो आणि औषध घरपोच येतं. तेवढंही बोलणं उरत नाही.

महाराष्ट्रात फार्मसी कॉलेजांची कमी नाही. अशा सरावाला महागडी यंत्रं लागत नाहीत : दोन मोबाइल, नीट लिहिलेला प्रसंग, आणि भूमिका मनापासून करणारी माणसं. ती गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांमध्ये आणि निवृत्त शिक्षकांमध्ये मिळतील. शिक्षण इंग्रजीत झालं तरी हा सराव मराठीत, खानदेशात अहिराणीत आणि विदर्भात वऱ्हाडीत व्हायला हवा, कारण मधुमेहाची गोळी उपासाच्या दिवशी घ्यायची की नाही, हे आजी त्याच बोलीत विचारणार आहे. प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी येत्या सत्रात असे निदान चार-पाच प्रसंग लिहून घ्यावेत, आणि त्यांतला एक तरी फोनवर घ्यावा.