मिठी नदीचा जमाखर्च



आपल्या भोकरहून मुंबईला मुलाबाळांकडे जाणाऱ्या अनेकींनी माहीम आणि वांद्र्याच्या मधे लोकलच्या खिडकीतून काळे पाणी पाहिले असेल. नाकाला पदर लावून आपण म्हणतो, केवढा हा नाला! पण ती नदी आहे. तिचे नाव मिठी, म्हणजे गोड पाण्याची.

विहार आणि पवई तलावांतून निघून सुमारे १८ किलोमीटरवर ती माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. आपल्या गोदावरीचे पाणी एकाच दिशेने जाते. मिठीत मात्र रोज दोनदा भरतीचे पाणी उलटे शिरते आणि ओहोटीला परत जाते.

मी कॉमर्सची, म्हणून तिचा जमाखर्च मांडते. तिने काय दिले? १८६० मध्ये तिच्याच पाण्यावर बांधलेल्या विहार तलावातून मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. पुढे १८९० च्या सुमारास पवई तलाव झाला.

तिच्या मुखाशी एका बाईचे दानही आहे. माहीमची खाडी लोक होडीतून ओलांडत, होड्या बुडत. कंपनी सरकार पुलाला पैसे देईना. तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून कर घेऊ नये अशी अट घातली. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला.

आणि शहराने तिला काय दिले? विमानतळासाठी तिला वळवले. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या काठची दलदल भरली. सांडपाणी, कारखान्यांचे तेल, गोठ्यांचे शेण तिच्यात सोडले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे जवळजवळ वर्षभरात पडतो तेवढा! त्यात समुद्राला भरती. पाण्याला जायला वाटच उरली नव्हती. शेकडो माणसे गेली. त्यानंतर सरकारला मिठीसाठी वेगळे प्राधिकरण नेमावे लागले.

आपल्या घरांत पाणी गाळल्यावर जीवाणी त्याच विहिरीत परत सोडायची रीत होती. ज्या पाण्यातून घेतले, तिथले जीव तिथेच सुखरूप पोचले पाहिजेत. मुंबईने पाणी घेतले, परत मात्र घाण दिली.

पुढच्या वेळी नातवंडांसोबत त्या पुलावरून जाल, तेव्हा त्यांना नाला म्हणून दाखवू नका. मिठी नदी म्हणा. आणि आपल्या घरचे सांडपाणी कुठल्या ओढ्याला जाते, तेही एकदा पाहून या.

जय जिनेंद्र.