‘टू’ आणि ‘इंग’ची कुळकथा

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एल्फ्रिक नावाचा एक ख्रिस्ती संन्यासी मठातल्या मुलांना लॅटिन शिकवत असे. मुलांना ती भाषा बोलता यावी म्हणून त्याने एक संवादपाठ लिहिला. त्यात कुणी नांगरणारा होतो, कुणी मेंढपाळ, कुणी शिकारी. गुरुजी शिकाऱ्याला विचारतात, आज शिकारीला गेला होतास का? तो म्हणतो, नाही, आज रविवार. काल गेलो होतो. पुढे कुणीतरी या पाठाच्या एका प्रतीत लॅटिन शब्दांच्या डोक्यावर तेव्हाच्या इंग्रजीत अर्थ लिहून ठेवले. आपण धड्याच्या ओळींवर पेन्सिलीने लिहायचो, अगदी तसेच. शिकाऱ्याच्या उत्तरावर शब्द आहेत ‘ऑन हुन्टुंगे’. म्हणजे ‘शिकारीवर’.

आज आपण ज्याला जेरंड म्हणतो, त्याचा हा पूर्वज. ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा प्रत्यय क्रियापदाला लागला की त्याचं नाम होई. ‘लेओर्नियन’ म्हणजे शिकणं, ‘लेओर्नुंग’ म्हणजे शिक्षण. ही नामं स्त्रीलिंगी असत, आणि जर्मन भाषेत ‘उंग’ लागून होणारी नामं आजही स्त्रीलिंगीच आहेत. ‘ऑन’ झिजून नुसता ‘अ’ उरला, ‘अ-हंटिंग’ झालं. मग तो ‘अ’ही गळला. ‘गो हंटिंग’, ‘गो शॉपिंग’ या प्रयोगांत ‘टू’ का नाही, याचं उत्तर त्या गळालेल्या अक्षरात आहे. माणूस शिकारीला जातो, खरेदीला जातो. मराठीतही तिथे नामच येतं.

आता ‘टू’कडे वळू. जुन्या इंग्रजीत ‘पिणे’ला ‘ड्रिंकन’ म्हणत. ‘णे’ हा आपला प्रत्यय, तसा ‘अन’ हा त्यांचा. तिथे ‘टू’ची गरजच नव्हती. पण ‘पिण्यासाठी’ म्हणायचं असलं की ‘टो ड्रिंकेन्ने’ म्हणत. ‘टो’ म्हणजे ‘कडे’, आणि पुढचं रूप चतुर्थीचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो, कारण ही घडण आपल्या घरची आहे. ‘प्यावयास’ घ्या, ‘प्यायला’ घ्या. धातूपासून केलेलं रूप आणि त्याला चतुर्थीचा ‘स’ किंवा ‘ला’. ‘प्यायला काहीतरी द्या’ आणि ‘समथिंग टू ड्रिंक’ ही वाक्यं दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सारख्याच रीतीने घडवली.

पुढच्या शतकांत इंग्रजीचे प्रत्यय झिजत गेले. ‘अन’चा ‘एन’ झाला, ‘एन’चा ‘ए’, मग काहीच उरलं नाही. ‘पिणे’सारखं हे रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह, ओळखायला खूण हवी, ती जबाबदारी ‘टू’वर आली. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांच्यामागून मात्र पूर्वापार बिन-‘टू’चं रूप येत होतं, ते तसंच राहिलं. ‘वॉन्ट’चा मूळ अर्थ ‘उणीव असणे’. ‘इच्छा असणे’ या अर्थाने तो रुळला १८व्या शतकात, म्हणून त्याच्यापुढे ‘टू’ आला.

‘इंग’चंही रूप याच काळात पालटलं. ‘गात असलेला’ सांगणारं विशेषण पूर्वी ‘सिंगेंडे’ असं वेगळं होतं. १४व्या शतकापर्यंत इंग्लंडच्या दक्षिणेत ते ‘इंग’मध्ये मिसळून गेलं आणि नाम व विशेषण एकसारखं दिसू लागलं. त्या सहवासात नामाला क्रियापदाच्या सवयी लागल्या. ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ होतंच, ‘रीडिंग बुक्स’ही आलं. १७६२ साली रॉबर्ट लाउथने व्याकरण लिहिलं तेव्हा त्याला बजावावं लागलं की ‘द’ लावाल तर ‘ऑफ’ही लावा, नाहीतर दोन्ही सोडा.

हा इतिहास कळला की बरेच भेद उलगडतात. ‘टू’मध्ये अजून ‘कडे’ आहे, त्यामुळे तो बहुधा पुढच्या कामाकडे बोट दाखवतो; ‘इंग’ घडलेल्या किंवा चालू गोष्टीला नाव देतो. ‘रिमेम्बर टू लॉक’ म्हणजे ‘कुलूप लावायला विसरू नकोस’, ‘आय रिमेम्बर लॉकिंग’ म्हणजे ‘कुलूप लावल्याचं आठवतं’. ‘लावायला’ आणि ‘लावल्याचं’ यांत आपलं मूल कधी चुकत नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ अजून जुना, ‘कडे’ अर्थाचाच आहे. म्हणून पुढे नाम हवं, ‘मीटिंग’. नोकरीच्या अर्जांत सर्रास दिसणारी ‘टू मीट’ ही चूक इथली.

सगळं मात्र यात बसत नाही. ‘सजेस्ट’ पुढच्याच गोष्टीबद्दल असतो, तरी त्याला ‘इंग’ लागतो. ‘अव्हॉइड’, ‘एन्जॉय’ पाठच करावे लागतात. आणि वापर बदलतही असतो: १८व्या शतकातले लेखक ‘वाचल्याचं आठवतं’साठी ‘आय रिमेम्बर टू हॅव रेड’ लिहीत, ‘अकस्टम्ड टू’पुढे इन्फिनिटिव्ह ठेवत. आज तिथे ‘इंग’ आहे. नियमाचं पुस्तक म्हणून छापलेली यादी खरं तर एका काळाची नोंद असते.

आठवी-नववीच्या वर्गात मराठी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: फळ्यावर क्रियापदांची यादी लिहिण्याआधी एकदा ‘प्यायला’ हा शब्द लिहा आणि त्यातला ‘ला’ मुलांना शोधू द्या.