हाली, कलदार आणि ज्वारीचा भाव

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कौल्स याने अमेरिकेतील १८७१ पासूनच्या समभागांच्या किमती जुळवून १९३८ मध्ये त्यांचा निर्देशांक प्रसिद्ध केला. परंतु ज्या धाराशिव जिल्ह्यात सावकाराची पुंजी पेवातल्या ज्वारीत, जमिनीत आणि चांदीत गुंतलेली असे, तेथे भांडवलाच्या दीर्घकालीन फळाचा हिशेब ज्वारीच्या भावापासूनच आरंभिला पाहिजे, असे माझे मत आहे.

या कामी पहिली अडचण नाण्याची. हा मुलूख निजामाचा असल्यामुळे येथील वसूल व देवघेव हाली सिक्क्यात चाले, आणि शेजारची बार्शी इंग्रजी अमलात असल्यामुळे तेथील अडत्या कलदार रुपयात वही लिही. तेव्हा एकाच हंगामातील दोन बाजारांच्या भावांत जे अंतर दिसते, त्यातील बराच भाग निव्वळ चलनाचा असतो. पुढे सहा कलदारांस सात हाली, म्हणजे शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै, असे प्रमाण स्थिरावले. त्यापूर्वी बट्टा चढत-उतरत असे, म्हणून हेच प्रमाण मागच्या काळास सरसकट लावणे मला गैर वाटते. त्यातच १८५३ च्या तहाने नळदुर्गचा प्रांत इंग्रजांकडे गेला, इंग्रज अधिकारी मेडोज टेलर तेथील कारभार पाहू लागला, आणि १८६० मध्ये तो प्रांत निजामास परत मिळाला. या सात वर्षांची दप्तरे वेगळ्याच शिस्तीची.

दुसरी अडचण सनाची. फसली, म्हणजे महसुली, सनात ५९० मिळविले की इसवी सन आला, अशी समजूत असते. परंतु हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई, त्यामुळे १३४० फसलीचा आजूर १९३० मध्ये पडतो, आणि त्याच सनातील रब्बीची सुगी मात्र १९३१ मध्ये. ज्वारीचे सारे मोल सुगीच्या भावावर ठरते, म्हणून ही एका वर्षाची चूक भावांची संपूर्ण मालिका सरकवून टाकते.

याहून सूक्ष्म फसगत निरखाच्या, म्हणजे बाजारभाव नोंदण्याच्या, रीतीत आहे. जुना निरख रुपयास किती शेर असा लिहिलेला असतो, म्हणून महागाई वाढली की आकडा घटतो. समजा, एका महिन्यात रुपयास दहा शेर ज्वारी मिळाली आणि दुसऱ्यात तीस; शेरांची सरासरी वीस येते, परंतु प्रत्येक शेराची किंमत काढून तिची सरासरी घेतली, तर रुपयास पंधराच शेर पडतात. दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा महिन्यामहिन्याचे अंतर असेच तीव्र असते, तेव्हा पहिल्या रीतीने टंचाईची धार बोथट होऊन जाते.

१९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला आणि तेथील मोठी बाजारपेठ धाराशिवच्या हद्दीतून गेली. म्हणून मालिका जिल्ह्याच्या नावाने न रचता लातूर, धाराशिव आणि बार्शी या बाजारांच्या नावाने रचावी, आणि जेथे निरख मिळत नाही तेथील रकाना सरासरीने न भरता कोराच सोडावा.