यहुद्यांची क्रीडा-चळवळ

ज्यास दुसऱ्याच्या आखाड्यांत प्रवेश नाहीं, त्यानें एक तर व्यायामाचा नाद सोडावा, नाहीं तर स्वतःचा आखाडा काढावा. युरोपांतील यहुद्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. १८९५ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें राहणाऱ्या जर्मन व ऑस्ट्रियन यहुद्यांस इतर क्लबांचीं दारें बंद झालीं, तेव्हां त्यांनीं आपली निराळी व्यायामसंस्था स्थापिली. चळवळीचा आरंभ येथूनच धरितात. १८९८ सालीं बासल येथील झायनिस्ट परिषदेंत डॉ. मॅक्स नॉर्डाऊ यांनीं, गमावलेलें बाहुबल यहुद्यांनीं पुन्हा कमावलें पाहिजे, असें बजाविलें. पुढें ठिकठिकाणीं क्लब निघाले व १९२१ सालीं कार्ल्सबाड येथें त्यांचा जागतिक संघ बनला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकांत परकीय राजसत्तेशीं झुंजलेल्या मॅकाबी वीरांचें नांव त्यानें धारण केलें.

या क्लबांत व्हिएन्नाचा ‘हाकोआ’ विशेष गाजला. हिब्रू भाषेंत हाकोआ म्हणजे सामर्थ्य. १९०९ सालीं निघालेल्या या क्लबानें १९२३ सालीं लंडनमध्यें वेस्ट हॅम संघाचा ५–० असा पराभव केला व १९२५ सालीं ऑस्ट्रियाचें फुटबॉल-अजिंक्यपद मिळविलें. निर्णायक सामन्यांत गोलरक्षक फाबियान याचा हात जायबंदी झाला. बदली खेळाडू घेण्याची तेव्हां सोय नव्हती. म्हणून तो आघाडीस जाऊन खेळला आणि विजयाचा गोल त्यानेंच केला!

१९३२ सालीं तेल अवीव येथें जगांतील यहुदी खेळाडूंचा पहिला मेळावा, ‘मॅकाबिया’, भरला. १९३५ च्या दुसऱ्या मेळाव्यास आलेले कित्येक खेळाडू परत गेलेच नाहींत. हिटलरच्या छायेंतील युरोपापेक्षां त्यांस पॅलेस्टाईन बरें वाटलें.

१९३६ सालीं खरी कसोटी आली. बर्लिन ऑलिंपिकसाठीं ऑस्ट्रियानें हाकोआच्या युडिथ डॉइच, रूथ लांगर व लुसी गोल्डनर या जलतरणपटूंची निवड केली. यहुद्यांचा छळ करणाऱ्या राज्यांत पोहावयास जाण्याचें तिघींनीं नाकारिलें. त्यांच्यावर बंदी आली. डॉइचचे विक्रमहि नोंदींतून पुसले गेले. १९३८ सालीं जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि हाकोआ क्लबच मोडून टाकण्यांत आला. त्या सालचा मॅकाबिया रद्द झाला; तिसरा भरण्यास १९५० साल उजाडलें.

हाकोआ १९४५ सालीं पुन्हा उभा राहिला. डॉइच हिचे विक्रम मात्र १९९५ सालीं नोंदींत परत आले. नकार देतांना ती सतरा वर्षांची होती. न्याय मिळाला तेव्हां तिनें पंचाहत्तरी ओलांडली होती.