‘स्पोर्ट’ नावाच्या रायफलीला संगिनीची खुंटी कशाला?

तुमच्यापैकी जे कॉलेजात एनसीसीत होते त्यांना ‘पॉइंट टू टू’ रायफल आठवत असेल. खांद्याला धक्का जवळपास नाही, आवाज बारीक, काडतूस जेमतेम २५ मिलिमीटर लांब. या काडतुसाला रिमफायर म्हणतात. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिन मधोमध न बसता त्या कडेवर बसते. कडेचा पत्रा पातळच ठेवावा लागतो, म्हणून दाब कमी. पण काडतूस स्वस्त पडतं आणि छोट्या रेंजवरही सराव होतो. लष्करांना हेच हवं होतं: हात खऱ्या रायफलीवर बसल्यासारखा बसावा, खर्च मात्र किरकोळ यावा.

आता जर्मनीत जाऊ. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं, सक्तीची भरती बंद केली. कलम १७७ तर आणखी पुढे जातं. शाळा, विद्यापीठं, माजी सैनिकांच्या संघटना, नेमबाजीचे क्लब, यांपैकी कुणीही लष्करी बाबींत पडायचं नाही, असं ते नावं घेऊन सांगतं. (तह वाचताना फक्त सैन्याची कलमं वाचून पुढे जाऊ नका. मी गेले होते.)

१९३४ मध्ये एक एकबारी .२२ रायफल आली, ‘डॉइचेस श्पोर्टमोडेल ३४’, म्हणजे ‘जर्मन खेळ-नमुना’. बांधा मात्र सरळ माउझर ९८ घराण्याचा. दस्त्याच्या बाजूला पट्टा अडकवायची खाचसुद्धा तशीच. गंमत म्हणजे जी सैनिकी रायफल हिची जुळी बहीण वाटते, ती कार ९८के, १९३५ मध्ये स्वीकारली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये सक्तीची भरतीही परत आली.

मी पहिल्या मसुद्यात लिहून मोकळी झाले: आकार लष्करी, म्हणजे छुप्या शस्त्रसज्जतेचा पुरावा. गाइडनी समासात एकच शब्द लिहिला: ‘ब्रिटन?’

बरोबर होतं. बोअर युद्धात शेतकऱ्यांच्या नेमबाजीने पोळल्यावर ब्रिटनमध्ये छोट्या बोअरच्या नेमबाजीचे क्लब निघाले, लॉर्ड रॉबर्ट्स यांनी ते उचलून धरले. ली-एनफिल्डच्या .२२ आवृत्त्या लष्कराने उघडपणे वापरल्या, कारण लपवायला काही नव्हतंच. आकार हाच पुरावा धरला, तर ब्रिटनलाही आरोपी करावं लागेल!

मग प्रश्नच बदलावा लागला. रायफल लष्करी वळणाची आहे का, हा प्रश्न राहिला नाही. तिला ‘खेळ’ का म्हणावं लागलं, हे विचारायचं. त्याचं उत्तर लाकूड-लोखंडात सापडत नाही. तहाच्या कलमात आणि ती कुणाच्या हाती गेली यात सापडतं. ती एसए आणि हिटलर युवकांच्या हाती गेली. तरी ‘खेळ’ हा शब्द नुसता खोटा म्हणून सोडून देऊ नका. जर्मन क्लबांत छोट्या बोअरची नेमबाजी खरोखर लोकप्रिय होती, म्हणूनच तो आडोसा टिकला.

काही वर्षांनी तिची जागा घेणारा नमुना आला, केकेडब्ल्यू. त्याच्या पूर्ण नावात ‘वेअरश्पोर्ट’, म्हणजे संरक्षण-खेळ, असा शब्द आहे. आधीच्या बऱ्याच नगांवर पुढच्या टोकाला संगीन अडकवायची खुंटीही दिसते. कागदी लक्ष्यावर नेम धरायला संगीन लागत नाही. माझ्या दुसऱ्या मसुद्याची सुरुवात आता त्या खुंटीपासून होते.